पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी: निफाडच्या थंडीत अडून बसलेला छापखान्याचा कॉम्प्युटर

निफाड तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी छोटा ऑफसेट छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं, निवडणुकीच्या दिवसांत प्रचारपत्रकं अशी त्याची कामं. अक्षरजुळणी ज्या डेस्कटॉपवर होते तो २००९ साली घेतलेला: कोअर टू ड्युओ प्रोसेसर, एलजीए ७७५ सॉकेटचं मदरबोर्ड (पुढे नुसतं बोर्ड), २ जीबी डीडीआर२ रॅम, २५० जीबीची साटा हार्डडिस्क आणि विंडोज एक्सपी. त्यावर पेजमेकर ७ आणि एक जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर चालतं. त्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक कॅबिनेटच्या मागच्या पॅरलल पोर्टला लावलेलं आहे. लॉक नसेल तर फॉन्ट उघडत नाहीत आणि फॉन्ट नसतील तर पंधरा वर्षांतल्या सगळ्या पत्रिका स्क्रीनवर रोमन चिन्हांचा गोंधळ म्हणून दिसतात. म्हणून एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला तरी हे मशीन छापखान्यातून हललं नाही, आणि मालकांचा तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

हे मशीन चालू होईना. तुळशीचं लग्न होऊन पत्रिकांची गर्दी सुरू झाली होती. गावातल्या मेकॅनिकनं आधी रॅम काढून खोडरबरानं घासून बसवली, मग एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बदलला. काही दिवस बरं चाललं आणि तक्रार परत आली. त्यावर त्यानं सांगितलं, "बोर्ड गेलं, नवीन मशीन घ्या." मालक माझ्याकडे आले ते ह्या टप्प्यावर.

ह्या प्रकरणात सगळ्यात मोलाची माहिती मिळाली ती मालकांच्या तोंडून, मीटरवर नाही. मी विचारलं, "काका, चालू होत नाही म्हणजे बटण दाबल्यावर नक्की काय काय होतं, ते क्रमानं सांगा."

"पंखा फिरतो, पुढचा हिरवा दिवा लागतो, पण डिस्प्ले येत नाही बघा भाऊ. बीपही नाही. मग मी तसाच चालू ठेवतो, चहा घेऊन येतो, रिसेट दाबतो. कधी लगेच येतो, कधी तासाभरानं. एकदा आला की रात्रीपर्यंत काही त्रास नाही. तारीख मात्र रोज चुकलेली असते."

"आणि हे कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यात थोडं थोडं होतं. उन्हाळ्यात बंद झालं. यंदा थंडी पडली तसं फारच वाढलं."

हिवाळ्यात वाढतं, उन्हाळ्यात जातं, सकाळी अडतं, गरम झालं की चालतं. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत ५-६ अंशांपर्यंत उतरतो आणि पत्र्याच्या छपराखालच्या छापखान्यात सकाळी तेवढीच थंडी असते. व्हायरस, बिघडलेलं विंडोज, भरलेली डिस्क ह्यांतलं काहीही हवामान पाहून वागत नाही. तापमानाप्रमाणे बदलणारी तक्रार म्हणजे सुटलेलं सोल्डर, सैल जोड किंवा वाळलेला कपॅसिटर (वीज साठवून गरजेला पुरवणारा छोटा भाग). माझा संशय पहिल्यापासून तिसऱ्यावर होता, पण संशयावर सोल्डरिंगची इस्त्री तापवायची नसते.

आधी हार्डडिस्क बाहेर

बोर्डाला हात लावण्याआधी हार्डडिस्क काढून घेतली. कॉम्प्युटर चालू होत नसेल तर डेटा सहसा शाबूत असतो. तो जातो दुरुस्तीच्या खटपटीत, पुन्हा पुन्हा वीज चालू-बंद करण्यात किंवा खराब एसएमपीएसनं जास्त व्होल्टेज सोडल्यामुळे. म्हणून डिस्क दुसऱ्या मशीनला लावून क्लोनझिला ह्या सॉफ्टवेअरनं तिची पूर्ण प्रत घेतली. डिस्कचे स्मार्ट आकडेही (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदी) पाहिले. बदललेल्या सेक्टरांची संख्या (५ क्रमांकाची नोंद) अगदी थोडी होती आणि धड वाचता न आल्यानं संशयित ठरलेले सेक्टर (१९७ क्रमांक) शून्य होते. डिस्क म्हातारी होती, आजारी नव्हती. ९ क्रमांकाच्या नोंदीत डिस्क एकूण किती तास चालली ते असतं. तिथे ४१ हजारांच्या वर आकडा होता. हा आकडा पुढे बोर्डाचं वय मोजायला कामी आला.

प्रत हातात आल्यावर मालकांचा चेहरा सैल झाला. दुरुस्ती जमो न जमो, पत्रिका वाचल्या होत्या.

भिंतीपासून सुरुवात

छापखान्यात जाऊन पहिलं मीटर सॉकेटला लावलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२ व्होल्ट, ठीक. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट असायला हवेत, तिथे शंभराच्या वर दिसले. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, असं तिथला ऑपरेटर सांगत होताच. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना पत्र्याशी जोडतात. अर्थिंग तुटलेलं असलं की पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. त्यात करंट फार थोडा असतो, पण तो सूचना देत असतो. भिंतीवरच्या स्विचबोर्डातली अर्थिंगची वायर स्क्रूखालून निसटलेली निघाली. इलेक्ट्रिशियनला बोलावून ती नीट करून घेतली आणि छपाई मशीनचं अर्थिंगही तपासायला लावलं. चालू न होण्याचं कारण हे नव्हतं, तरी दिसलं ते सोडून पुढे जाणं मला पटत नाही.

कॅबिनेटच्या आत कागदाची भुकटी आणि ओल्या शाईवर मारायची स्प्रे पावडर ह्यांचा थर बसला होता. प्रोसेसरच्या हिटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमधून उजेडही आरपार दिसत नव्हता. ब्लोअरनं साफ करताना पंखा बोटानं धरून ठेवावा. जोरात फिरला तर तो स्वतःच वीज तयार करतो आणि ती उलटी बोर्डात जाते. साफसफाईनं सकाळची तक्रार गेली नाही, पण ह्या धुळीचा हिशोब पुढे येतो.

पुढच्या बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं क्षणभर जोडून पाहिल्या. वागणं तेच, म्हणजे बटण ठीक. प्रोसेसरजवळची चार पिनांची १२ व्होल्टची जोडणीही नीट बसलेली होती. ती सैल असली तर नेमकं हेच चित्र दिसतं, पंखा फिरतो आणि पुढे काही नाही.

एसएमपीएस निर्दोष होता, जुना आणि नवा दोन्ही

एटीएक्स एसएमपीएस तपासण्याची सोपी रीत बहुतेकांना ठाऊक असते. २४ पिनांच्या कनेक्टरवरची हिरवी वायर काळीला जोडली की तो बोर्डाशिवाय चालू होतो. पंखा फिरला की "एसएमपीएस ओके" म्हणून मोकळं होतात. पण बिनओझ्याचा एसएमपीएस मरायला टेकला असला तरी १२ व्होल्ट दाखवू शकतो. म्हणून मी मोटारीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॅटचा बल्ब पिवळ्या आणि काळ्या वायरला लावतो. तो साडेचार अँपियरच्या आसपास ओढतो. मेकॅनिकनं काढून ठेवलेला जुना एसएमपीएस ह्या ओझ्याखाली ११.८ व्होल्टवर ठाम राहिला. १२ व्होल्टला पाच टक्के सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६. जांभळ्या वायरवरचे स्टँडबायचे ५ व्होल्टही जागेवर होते. नवीनही तसाच निघाला.

मग एसएमपीएस बदलल्यावर काही दिवस बरं का चाललं? नव्याचा पुरवठा जरा जास्त स्वच्छ असावा, त्यामुळे बोर्डावरच्या अशक्त भागांना थोडा आधार मिळाला, असा माझा अंदाज. हे भाग आणखी खचले तसा तो आधारही पुरेना. चुकीचा भाग बदलून तात्पुरता गुण येतो तेव्हा निदानाची दिशा फार पटकन भरकटते.

एक सावधगिरी: एसएमपीएसचा डबा उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो.

रॅम काढून बीप ऐकणं

करड्या वायरवर ५ व्होल्ट येत होते. एसएमपीएस बटण दाबल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत ह्याच वायरीनं "पुरवठा स्थिर आहे" असा इशारा बोर्डाला देतो. मग बोर्ड प्रोसेसरचा रिसेट सोडतं, प्रोसेसर बायॉसच्या (मशीन उठवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) चिपमधली पहिली सूचना वाचतो, रॅम शोधतो, त्यानंतर ग्राफिक्स जागं होतं आणि सगळ्यात शेवटी डिस्कची पाळी येते. डिस्प्ले नाही म्हणजे ह्या रांगेत कुठेतरी थांबलं. कुठे, हे एका फुकटच्या चाचणीत कळतं.

डीव्हीडी ड्राइव्ह, कीबोर्ड, सगळं काढून ठेवलं. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक छोटा बझर एवढंच ठेवलं. रॅमही काढली. रॅम नसताना जिवंत बोर्डानं तक्रारीची बीप वाजवलीच पाहिजे. बीप वाजली तर प्रोसेसर चालतोय, बायॉस वाचली जातेय, दोष रॅममध्ये किंवा त्यापुढे. वाजली नाही तर दोष रॅमच्या अलीकडे. (आजकालच्या कॅबिनेटात बझर नसतो. तो छोटा तुकडा जवळ नसेल तर ही चाचणी करताच येत नाही, आणि मग लोक रॅम बदलत बसतात.)

थंड बोर्डावर शांतता. तसंच चालू ठेवून बऱ्याच वेळानं रिसेट दाबलं, तर तीन बीप स्वच्छ वाजल्या.

म्हणजे रॅम निर्दोष होती, ग्राफिक्स आणि हार्डडिस्क तर वादातच नव्हत्या. प्रोसेसर थंडीत पहिली सूचनाच धड वाचत नव्हता.

मीटर सरासरी सांगतो

प्रोसेसरशेजारच्या कॉइलवर त्याला मिळणारं व्होल्टेज मोजलं. सव्वा व्होल्टच्या आसपास, अपेक्षित तेवढंच, आणि थंड बोर्डावरही तेवढंच. इथे बरेच जण व्होल्टेज बरोबर आहे म्हणून हा भाग सोडून देतात. पण साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो. बोर्डावरचं सर्किट १२ व्होल्टचे सेकंदाला लाखो वेळा तुकडे करून त्यातून सव्वा व्होल्ट घडवतं, आणि प्रोसेसरची करंटची मागणी मायक्रोसेकंदात वरखाली होते. हे खड्डे भरून काढायचं काम कपॅसिटरांचं. कपॅसिटर वाळला की त्याचा अंतर्गत अडथळा, म्हणजे ईएसआर, वाढतो. टाकीत पाणी आहे पण तोटी गाळानं बुजली आहे, तसं होतं. सरासरी सव्वा व्होल्टच राहते, पण ऐन मागणीच्या क्षणी व्होल्टेज कोसळतं. तापमान उतरलं की इलेक्ट्रोलाइट, म्हणजे कपॅसिटरच्या आतला द्रव, आणखी जड होतो आणि ईएसआर आणखी चढतो. निफाडची सकाळ आणि मालकांचा चहा ह्यांचा अर्थ इथे लागला.

डोळ्यांना मात्र वेगळंच दिसत होतं. रॅमच्या खाचांजवळचे दोन कपॅसिटर डोक्यावर स्पष्ट फुगलेले होते. प्रोसेसरजवळचे सहा, हिटसिंकच्या सावलीतले, वरून सपाट आणि चकचकीत. फुगलेले दोन बदलून मोकळं व्हावं असा मोह कुणालाही झाला असता.

त्याऐवजी केस वाळवायचा ड्रायर घेतला. पुठ्ठ्याचा आडोसा करून आधी फक्त रॅमकडच्या भागाला कोमट हवा दिली. बीप नाही. बोर्ड पूर्ण थंड होऊ दिलं. मग तीच हवा, तितकाच वेळ, प्रोसेसरजवळच्या सहा कपॅसिटरांना दिली आणि रिसेट दाबलं. तीन बीप. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या थंडीत हाच प्रयोग पुन्हा केला, निकाल तोच आला. महागडा ऑसिलोस्कोप नसलेल्या माणसाच्या हातात ह्याहून नेमका पुरावा येणं कठीण.

काढल्यावर मोजले तेव्हा १५०० मायक्रोफॅरडच्या एका कपॅसिटरमध्ये तीनशेही उरले नव्हते, आणि ईएसआर ओहमच्या वर गेला होता. नव्याचा तो ओहमच्या शंभराव्या हिश्श्यात असतो. हे मोजमाप कपॅसिटर बोर्डावरून काढूनच करावं. सहाही एकमेकांना समांतर जोडलेले असतात, त्यामुळे बोर्डावर मोजलं तर एखादा धडधाकट इतरांचं पाप झाकतो.

हे का झालं? १९९९ ते २००७ ह्या काळात सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे जगभर बोर्डं फुगून मेली. त्याला कपॅसिटर प्लेग म्हणतात आणि जुनं बोर्ड दिसलं की सगळे त्याचंच नाव घेतात. मला इथे ते पटत नाही, कारण हे बोर्ड त्यानंतरचं आहे आणि साधा हिशोब पुरेसा आहे. ह्या जातीच्या कपॅसिटरचं आयुष्य १०५ अंशांना सुमारे २००० तास धरलं, तर दर १० अंश कमी तापमानाला ते दुप्पट होतं. ६५ अंशांना १६ पट, म्हणजे ३२ हजार तास. डिस्कनं सांगितलं होतं, मशीन ४१ हजार तास चाललंय. त्यात हिटसिंक धुळीनं बुजलेला. त्यानं दहा अंश वाढवले असतील तर आयुष्य निम्मं. बोर्डानं आपलं काम पुरेपूर केलं होतं, आणि उरलेलं वय धुळीनं खाल्लं होतं.

बदली

कपॅसिटर पुण्याहून, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणवले: १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे, ६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरड, ८ मिलिमीटर व्यासाचे. नावाजलेल्या जपानी कंपन्यांच्या नावाचे नकली मालही बाजारात असतात, म्हणून प्रत्येक नग बसवण्याआधी ईएसआर मीटरवर मोजला. साधे ८५ अंशांचे कपॅसिटर रेडिओत चालतील, प्रोसेसरजवळ फार काळ टिकणार नाहीत.

हाताला खरी कसोटी काढण्यात आहे. बोर्डाच्या आत तांब्याचे सलग थर असतात आणि कपॅसिटरची ऋण पिन त्यांना चिकटलेली असते. ते थर सगळी उष्णता पिऊन टाकतात. २५ वॅटच्या इस्त्रीनं पिन सुटत नाही, मग माणूस ओढतो आणि छिद्राचं तांब्याचं अस्तर उपटून येतं. तिथे बोर्ड खरोखरच जातं. ६० वॅटची इस्त्री घेतली, फ्लक्स लावला आणि जुन्या सोल्डरमध्ये आधी नवं ६३-३७ चं शिशाचं सोल्डर मिसळलं. बोर्डावरचं बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, हे १८३ ला. मिश्रण लवकर पातळ होतं आणि कपॅसिटर दोन्ही पिनांवर आलटून पालटून हलवत अलगद निघतो. छिद्र मोकळं करायला सुई घातली नाही, लाकडी टूथपिक वापरली. ऋण बाजूची खूण सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीनं छापत नाहीत, म्हणून काढण्याआधी बोर्डाचे फोटो घेतले होते आणि बसवताना त्यांच्याशी ताडून पाहिलं. फुगलेले दोन्हीही बदलले. हिटसिंकला नवी पेस्ट लावली.

रात्रभर बोर्ड थंडीत ठेवून सकाळी बटण दाबलं. रॅमविना तीन बीप, रॅम बसवल्यावर एक बीप आणि डिस्प्ले.

लॉक सापडत नाही

मूळ डिस्क लावून एक्सपी उघडलं, आणि फॉन्टच्या सॉफ्टवेअरनं सांगितलं की लॉक सापडत नाही. मालकांचा श्वास अडकला. लॉक शाबूत होतं. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी ३ व्होल्टची, ती १.९ वर आली होती. छापखाना रात्री मेन स्विच बंद करतो, त्यामुळे एसएमपीएसचा स्टँडबाय पुरवठा बंद पडतो आणि घड्याळ पूर्णपणे ह्या बॅटरीवर चालतं. तारीख रोज चुकत होती ती म्हणून. दुरुस्तीत बॅटरी काढल्यावर बायॉसच्या सगळ्या सेटिंग मूळपदाला गेल्या, त्यांत पॅरलल पोर्टचा मोडही होता. नवी बॅटरी घातली, तारीख लावली, पोर्टचा पत्ता ३७८ आहे हे पाहिलं आणि ईसीपी, ईपीपी, बायडायरेक्शनल असे मोड एकेक करून तपासले. ईपीपीला लॉक ओळखलं गेलं. सगळ्या सेटिंगचे स्क्रीनचे फोटो छापून कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर चिकटवून ठेवले आहेत. पुढच्या मेकॅनिकचा अर्धा दिवस त्यानं वाचेल.

ह्यापुढचं

नवीन मशीन घेऊन त्यावर डिस्कची प्रत टाकली तर चालेल का, असं मालकांनी विचारलं. आजच्या बोर्डांसाठी एक्सपीचे ड्रायव्हर मिळत नाहीत, त्यामुळे ते तसंच उठणार नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी उभं करता येतं, पण अडचण लॉकची आहे. बाजारात मिळणाऱ्या यूएसबी-टू-पॅरलल केबली बहुतेक फक्त प्रिंटरसाठी असतात, जुनं लॉक ज्या खऱ्या पोर्टशी बोलतं तो त्या पुरवत नाहीत.

म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. ह्याच सॉकेटचं, पॅरलल पोर्ट असलेलं एक जुनं बोर्ड भंगारातून मिळवलं, त्याचेही कपॅसिटर मोजून ते डब्यात राखीव ठेवलं. डिस्कच्या प्रतीवरून ते उठतं आणि लॉक ओळखतं, हे पाहून घेतलं. आणि आजवरच्या तयार पत्रिकांच्या पीडीएफ काढायला सुरुवात केली, म्हणजे निदान छापील रूप तरी लॉकवर अवलंबून राहणार नाही. ज्या मजकुरांना दरवर्षी मागणी असते ते युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करायचे आहेत. जुन्या फॉन्टचा मजकूर कन्व्हर्टरनं बदलता येतो, पण जोडाक्षरं आणि रफार तपासल्याशिवाय तो छापायला देण्यासारखा नसतो, आणि पत्रिकेत नवरीच्या आडनावात चूक झालेली कुणी खपवून घेत नाही. आषाढ-श्रावणात छापखान्याला काम कमी असतं, तेव्हा ऑपरेटर हे काम हाती घेणार आहे. तोवर दर दिवाळीला कॅबिनेट उघडून हिटसिंक साफ करायचा आणि बॅटरीचं व्होल्टेज मोजायचं, एवढं ठरलं आहे.